उतरत्या रंगांचा स्वेटर पट्टेरी दिसतो तेव्हा काय करावे

गडद निळ्यापासून फिक्या आकाशीपर्यंत पाच छटांची लोकर घेतली. गोळे शेजारीशेजारी मांडले तेव्हा एका छटेतून दुसरी निघाल्यासारखी दिसत होती. स्वेटर विणून झाला, अंगात घातला, आणि आरशात दिसले पाच सरळ पट्टे. रंग कुठेच उतरत नव्हता, प्रत्येक जोडावर तुटत होता. हे मला सलग तीन स्वेटरांत भोगावे लागले. तिसरा उसवताना मी प्रत्येक जोडापाशी थांबले, तिथे नेमके काय झाले ते वहीत लिहिले, आणि तेव्हापासून ग्रेडियंटचे, म्हणजे उतरत्या रंगांचे, काम हाती घेण्याआधी ती वही उघडते. हे लिखाण त्या वहीवरूनच आहे.

सगळ्यात आधी रेषा ओळखायला शिका, कारण सगळ्या रेषांचे कारण एक नसते. विणलेला भाग टेबलावर सपाट पसरा, डोळे मिटा आणि जोडावरून बोट खालून वर फिरवा. बोटाला कंगोरा किंवा खळगा लागला तर दोष जाडीचा किंवा ताणाचा आहे. नवा धागा जुन्यापेक्षा जाड असेल, किंवा रंग बदलताना हात घट्ट झाला असेल. बोटाला काहीच लागले नाही आणि डोळे उघडताच रेषा दिसली, तर दोष छटांच्या निवडीत किंवा मांडणीत आहे. रेषा फक्त रात्री दिव्याखाली दिसत असेल आणि दिवसा नाहीशी होत असेल, तर दोन्ही छटांचे रंगद्रव्य वेगळे आहे, वेगवेगळ्या उजेडात ते वेगवेगळे वागतात. अशा जोडीचा निर्णय खिडकीच्या उजेडात आणि दिव्याखाली, दोन्ही ठिकाणी पाहून घ्यावा.

जाडीचा दोष सुधारायला सोपा. दोन्ही धाग्यांचे तेवढ्याच टाक्यांचे आणि ओळींचे छोटे नमुने विणा, धुवा, वाळवा, मोजा. 10 सेंटीमीटरमध्ये एकात 22 टाके आणि दुसऱ्यात 20 भरले, तर जाड धाग्यासाठी अर्धा मिलिमीटर बारीक सुई घ्या. नमुना धुतल्याशिवाय मोजू नका. काही लोकर धुतल्यावर फुलते, काही ढिली पडते, आणि न धुतलेल्या नमुन्यात सारखे भासलेले दोन धागे पहिल्या धुण्यानंतर वेगळे होतात.

आता डोळ्याला दिसणारी रेषा.

डोळा कडेला जास्तच जोर देतो

मिशेल-युजीन शेव्रल हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ 1824 मध्ये पॅरिसच्या गोब्लाँ कारखान्यात रंगाई विभागाचे प्रमुख झाले. तिथे भिंतीवर लावायची विणलेली चित्रे तयार होत. काळ्या लोकरीचा रंग फिका पडतो अशी तक्रार त्यांच्याकडे आली. त्यांनी तपासले तर काळ्या रंगात खोट नव्हती. निळ्या आणि जांभळ्या धाग्यांच्या शेजारी बसल्यामुळे तो काळा निस्तेज दिसत होता. 1839 मध्ये त्यांनी या विषयावरचे आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यातले एक निरीक्षण आपल्या स्वेटरला अगदी लागू पडते: एकाच रंगाच्या फिक्या-गडद पट्ट्या शेजारी ठेवल्या, तर प्रत्येक पट्टी फिक्या शेजाऱ्याच्या बाजूला आहे त्याहून गडद दिसते आणि गडद शेजाऱ्याच्या बाजूला आहे त्याहून फिकी. म्हणजे जिथे दोन छटा मिळाव्यात असे आपल्याला वाटते, तिथेच डोळा त्यांना एकमेकींपासून दूर ढकलतो.

हे कळल्यावर माझा एक मोठा गैरसमज गेला. मी दरवेळी आणखी जवळच्या छटा शोधत होते. जवळच्या छटा लागतातच, पण दोन सपाट रंग एका सरळ ओळीवर भेटले की ती ओळ दिसणारच. कड मोडावी लागते.

कड मोडण्याआधी छटांची परीक्षा घ्या. गोळे क्रमाने मांडून दिवसाच्या उजेडात फोटो काढा आणि तो कृष्णधवल करा. रंग निघून गेला की फक्त उजेड-अंधार उरतो. करडेपणाच्या पायऱ्या साधारण सारख्या उंचीच्या दिसल्या पाहिजेत. माझ्या एका संचात पिवळा, नारिंगी, लाल आणि किरमिजी होते. रंगीत फोटोत क्रम सुंदर, पण कृष्णधवल फोटोत लाल आणि किरमिजी जवळपास एकच आणि पिवळा-नारिंगीमध्ये मोठी उडी. स्वेटरमध्ये नेमकी तिथेच रेषा आली असती. मी पिवळा-नारिंगीच्या मध्ये एक छटा वाढवली आणि किरमिजी पूर्ण काढून टाकला. लोकर विकत घेण्याआधी दुकानातच असा फोटो काढला तर पैसे वाचतात.

एक सावधगिरी. पिवळा आणि जांभळा असे परस्परविरोधी रंग एकमेकांत मिसळत नेले, तर दुरून मधला भाग मळकट राखाडी दिसतो. ते हवे असेल तर ठीक. नको असेल तर वळसा घेऊन जावे: पिवळ्यातून नारिंगी, त्यातून लाल आणि मग जांभळा.

कड कशी मोडायची

मला सर्वात भरवशाची वाटणारी रीत म्हणजे दुहेरी धागा. नेहमीच्या जाडीचा एक धागा घेण्याऐवजी बारीक लोकर घ्या आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत दोन धागे एकत्र धरून विणा. आधी दोन्ही धागे गडद, मग एक गडद आणि एक त्याच्या पुढच्या छटेचा, मग दोन्ही पुढच्या छटेचे. पाच छटांतून अशा नऊ पायऱ्या मिळतात. तीन धागे एकत्र धरले तर दोन छटांच्या मध्ये दोन पायऱ्या बसतात आणि चार छटांतही दहा पायऱ्या होतात. मधल्या पायरीचा पोत थोडा ठिपकेदार येतो, आणि तो ठिपकेदारपणाच कड खाऊन टाकतो.

इथे एक चूक मी अनेकांच्या कामात पाहिली आहे. एरवी एकेरी धागा आणि फक्त जोडापाशी चार-सहा ओळी दुहेरी. रंग मिसळतात खरे, पण तेवढा भाग जाड आणि ताठ होतो, आणि रंगाची रेषा घालवताना जाडीची रेषा तयार होते. दुहेरी विणायचे तर सगळा स्वेटर दुहेरी.

हातात नेहमीच्या जाडीची लोकर आधीच असेल तर ओळींचा क्रम वापरा. जुन्या छटेत नवीची एक ओळ घालायची, मग जुनीच्या पाच, नवीच्या दोन, जुनीच्या तीन, नवीच्या तीन, जुनीच्या दोन, नवीच्या पाच, जुनीची एक, आणि त्यानंतर पूर्ण नवी छटा. असे एक संक्रमण 22 ओळींत होते आणि त्यात दोन्ही छटांच्या 11-11 ओळी येतात. 1, 2, 3, 5 ही आकड्यांची माळ फिबोनाची या इटालियन गणितज्ञाच्या नावाने ओळखली जाते. जैन आचार्य हेमचंद्रांनी बाराव्या शतकात, फिबोनाचीच्याही आधी, छंदांतल्या लघु-गुरूंच्या मांडणी मोजताना हीच माळ दिली होती, आणि विणताना ओळी मोजत बसले की मला ते आठवतेच. या माळेचा गुण असा की ओळींचे गट एकसारखे वाढत किंवा घटत नाहीत, त्यामुळे डोळ्याला ठरावीक पट्ट्यांची लय सापडत नाही.

समजा, खालच्या काठापासून खांद्यापर्यंत 180 ओळी आहेत आणि छटा पाच. जोड चार, म्हणजे संक्रमणाच्या 88 ओळी. उरलेल्या 92 ओळींतून प्रत्येक छटेला शुद्ध स्वरूपात 18 ओळी येतात आणि उरलेल्या दोन कुठेही घालता येतात. हा हिशेब टाके घालण्याआधी कागदावर करा. मध्यावर येऊन सुचलेले संक्रमण हमखास अर्ध्यात गळ्याशी जाऊन आदळते.

ही रीत फक्त जवळच्या छटांवर चालते. कृष्णधवल फोटोत पायरी उंच असेल तर एकेक ओळीचे बारीक पट्टे ठसठशीत दिसतील आणि प्रश्न आणखी वाढेल.

सपाट विणणाऱ्यांना इथे एक अडचण येते. एकच ओळ विणली की धागा दुसऱ्या टोकाला जाऊन बसतो आणि परतीच्या वेळी हवा असलेला रंग हाताशी नसतो. धागा तोडू नका. लांब तारेच्या गोल सुईवर विणा, ओळ संपली की काम न वळवता टाके सुईच्या दुसऱ्या टोकाला सरकवा आणि तिथे थांबलेला धागा उचला. सुलट बाजू समोर असेल तर लागोपाठ दोन ओळी सुलट विणाव्या लागतील, मागची बाजू समोर असेल तर लागोपाठ दोन उलट.

गोलात विणताना दोन रंगांच्या एकेक फेऱ्या घालायच्या असतील तर फेरीच्या सुरुवातीला पायरी पडते. त्यासाठी दोन्ही धागे चक्री जिन्यासारखे एकामागून एक वर चढू द्यावेत. एका रंगाने विणत दुसरा धागा जिथे लोंबतो त्याच्या तीन टाके आधी थांबा, ते तीन टाके न विणता उजव्या सुईवर सरकवा, हातातला धागा सोडा, लोंबणारा उचला आणि पुढे चला. बदलाची जागा प्रत्येक वेळी तीन टाके मागे सरकते, त्यामुळे एका जागी ताण साठत नाही आणि पायरीही दिसत नाही. धागे एकमेकांना पीळ घालून बांधू नका, आणि उचललेला धागा पहिल्याच टाक्यात ओढू नका.

ओळींऐवजी टाक्यांनीही कड मोडता येते. पहिल्या ओळीत तीन टाके जुन्या रंगाचे, एक नव्याचा. दुसरीत एकाआड एक. तिसरीत एक जुन्याचा, तीन नव्याचे. टाके एकावर एक रांगेत येऊ देऊ नका, थोडे सरकवत चला. मागून ओढत नेलेला धागा या तीन ओळी आवळतो, म्हणून तेवढ्यापुरती अर्धा मिलिमीटर जाड सुई घ्यावी. याहून सोपे हवे असेल तर नव्या रंगाच्या पहिल्या ओळीत एक टाका विणा, एक नुसता सरकवा, धागा कामाच्या मागे ठेवा. पुढची ओळ सगळी विणा. सरकवलेला जुना टाका लांब होऊन नव्या रंगात घुसतो. तोच टाका पुढच्या ओळीतही सरकवला तर तो ताणला जाऊन कापड चुरगळते, म्हणून एकदाच.

एक टाका सुलट, एक उलट आणि पुढच्या ओळीत बरोबर विरुद्ध, अशा दाणेदार विणीत उलट टाक्यांचे उंचवटे जुना रंग वर आणतात आणि अर्धे काम आपसूक होते. साध्या सुलट विणीवर रेषा सर्वात स्पष्ट दिसते. ग्रेडियंट पहिल्यांदाच करत असाल तर दाणेदार वीण निवडा.

बाह्या जुळत नाहीत

हा प्रश्न मला सर्वात जास्त वेळा विचारला जातो, आणि तो शुद्ध गणिताचा आहे. लांबच लांब धाग्यात रंग हळूहळू बदलत जाणारे मोठे गोळे मिळतात. अंगाचा भाग त्यातून देखणा उतरतो, आणि बाही मात्र मनगटापासून दंडापर्यंत जवळपास एकाच रंगाची राहते.

अंगाच्या ओळीत 200 टाके आहेत आणि बाहीच्या ओळीत 50, असे धरा. बाहीची ओळ अंगाच्या ओळीच्या चौथाई धागा खाते. जेवढ्या धाग्यात अंगाच्या 12 ओळी होतात, तेवढ्यात बाहीच्या 48 होतील. धागा आपल्या लांबीप्रमाणे रंग बदलतो, ओळींशी त्याला देणेघेणे नसते. म्हणून बाहीत रंग चौपट सावकाश सरकतो.

उपाय विणायला बसण्याआधीचा आहे. गोळा पूर्ण उलगडा आणि रंगाप्रमाणे त्याचे भाग पाडा, समजा आठ. प्रत्येक भाग 1 ग्रॅम अचूकतेच्या काट्यावर तोला. आता सरासरी टाके मांडा: अंगाचे 200, आणि बाही मनगटाशी अरुंद, दंडाशी रुंद म्हणून एका बाहीचे सरासरी 60, दोन्हींचे 120. एकूण 320. प्रत्येक रंगाच्या भागातला 320 पैकी 200 वाटा अंगाला आणि 60-60 बाह्यांना. एक भाग 50 ग्रॅमचा असेल तर अंगाला साधारण 31 ग्रॅम आणि प्रत्येक बाहीला साडेनऊ ग्रॅमच्या आसपास. थोडा धागा जोडांसाठी राखून ठेवा. प्रत्येक भागाला 1 ते 8 आकड्याची चिठ्ठी बांधा आणि धाग्याचे कोणते टोक गडद बाजूचे आहे त्यावर खूण करा. हे न केल्यामुळे एका बाहीत मी एक भाग उलटा लावला होता आणि मध्येच रंग मागे फिरला.

अंग आधी विणा. प्रत्येक भागाला किती ओळी लागल्या ते लिहा. बाहीला तेवढ्याच ओळी, धागा उरला तरी. ओळी जुळल्या की रंग जुळतात.

जुळवणी काखेपासून करावी, काठापासून नाही. बाही खाली सोडल्यावर काखेच्या खालचा भाग अंगाला टेकून असतो आणि नजर तिथेच तुलना करते. अंग काखेपासून काठापर्यंत 120 ओळींचे आणि बाही 135 ओळींची असेल, तर जास्तीच्या 15 ओळी मनगटाकडच्या शेवटच्या छटेत घाला. तिथे त्या कोणाला खटकत नाहीत.

दोन बाह्या एकमेकींशी जुळत नसतील तर त्या एकाच लांब गोल सुईवर, दोन वेगळ्या गोळ्यांनी, एकाच वेळी विणा. वाढवायचे टाकेही एकाच ओळीत पडतात.

गळ्याकडे रंग अचानक धावतो किंवा थबकतो

खालून वर विणलेल्या गोल योकमध्ये, म्हणजे काखेपासून गळ्यापर्यंतच्या भागात, हे दिसते. अंगाचे 200 टाके आणि बाह्यांचे 60-60 एकत्र केले, काखांसाठी 32 बाजूला ठेवले, की सुईवर 288 टाके येतात. जो रंग अंगात 12 ओळी टिकत होता तो आता आठ ओळींतच संपतो. मग टाके घटत घटत गळ्याशी 100 उरतात आणि तोच रंग 24 ओळी रेंगाळतो. छातीवर घाई आणि गळ्याशी सुस्ती, असे ते दिसते. सुट्या छटांनी विणत असाल तर ओळी मोजून विणा, हा प्रश्न उद्भवतच नाही. लांब ग्रेडियंटच्या गोळ्याने विणत असाल तर योकसाठीही धागा आधी तुकड्यांत तोडून घ्यावा लागतो. मला हे काम कंटाळवाणे वाटत नाही, पण ज्यांना वाटते त्यांनी वरून खाली विणायचा स्वेटर निवडावा आणि योक सगळा एकाच छटेत ठेवून ग्रेडियंट काखेखाली सुरू करावा. टाक्यांची संख्या तिथून फारशी बदलत नाही.

पुढे उघडणाऱ्या स्वेटरमध्ये मुंढ्यापासून पाठ आणि दोन्ही पुढचे भाग वेगळे होतात. 100 टाक्यांची पाठ आणि 50-50 चे पुढचे भाग एकाच गोळ्याने पाळीपाळीने विणले तर खांदे जोडताना रंग भेटत नाहीत. तिथे तीन गोळे लागतात, आणि ओळींचा हिशेब पुन्हा तोच.

एकाच छटेचे दोन गोळे वेगळ्या लॉटचे, म्हणजे वेगवेगळ्या वेळी रंगवलेले, निघाले तर शेवटी उमटणारी रेषा लॉट नंबर पाहून आधीच टाळता येते. नंबर जुळत नसेल तर दोन्ही गोळ्यांच्या दोन-दोन ओळी आलटून पालटून घाला.

गडद छटा धुताना फिक्या छटेत उतरते का, हे विणण्याआधी पाहा. गडद धाग्याचा तुकडा ओल्या पांढऱ्या फडक्यात दाबून तासभर ठेवा. फडके रंगले तर तो धागा वेगळा, पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवा. थंड पाण्यात व्हिनेगर टाकून रंग पक्का होत नाही. लोकरीवरचा आम्लधर्मी रंग बसायला आम्लाबरोबर उष्णताही लागते.

टोके ज्या रंगाची, त्याच रंगाच्या टाक्यांत लपवा. गडद टोक फिक्या भागात ओवले तर सुलट बाजूने सावली दिसते. साधी, सुपरवॉश (यंत्रात धुता यावी म्हणून प्रक्रिया केलेली) नसलेली लोकर असेल तर टोके उरतही नाहीत: दोन्ही टोके सहा-सात सेंटीमीटर पिंजून विरळ करा, एकमेकांवर ठेवा, ओली करा आणि तळहातांत जोराने चोळा. तंतू एकमेकांत गुंततात आणि धागा सलग होतो. अ‍ॅक्रिलिक आणि सुती धाग्याला हे लागू नाही.

स्वेटर विणून झालाय आणि रेषा दिसतेय

उसवायची घाई करू नका. बोथट टोकाच्या मोठ्या सुईत फिक्या छटेचा धागा ओवा आणि रेषेच्या गडद बाजूच्या टाक्यांवर, टाक्याचाच आकार गिरवत, वरून टाका भरा. रेषेलगतच्या ओळीत एकाआड एक टाका, तिच्या पलीकडच्या ओळीत दर चौथा, आणखी पलीकडे दर आठवा. मग गडद धाग्याने फिक्या बाजूला हेच उलट करा. टाके सरळ रांगेत येऊ नयेत म्हणून प्रत्येक ओळीत सुरुवातीची जागा बदला. धागा मूळ टाक्याइतकाच ढिला ठेवा, म्हणजे खालचा रंग डोकावत नाही आणि कापडही आवळत नाही.

दर दहा-बारा टाक्यांनी स्वेटर टांगून दोन मीटर मागे जा आणि डोळे किलकिले करून पाहा. रेषा पुसट झाली की थांबा. त्यापुढे भरलेले टाके स्वतःच ठिपक्यांची नवी रांग दाखवू लागतात.